फोटो कुठे बघणार, ते आधी ठरवा : स्टिरिओ फोटोंचं नियोजन

पाणवठा

कॅमेरा खरेदीच्या धाग्यावर स्टिरिओ फोटोंचा (दोन डोळ्यांसाठी दोन फोटो, एकत्र पाहिले की खोली दिसते) विषय निघाला आणि दोघातिघांनी एकच प्रश्न विचारला, की डाव्या-उजव्या डोळ्याचे दोन फोटो काढताना कॅमेरा किती सरकवायचा? तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

या प्रश्नावर मी उलट प्रश्न विचारते आणि लोक वैतागतात. पण त्याला इलाज नाही. फोटो बघणार कशावर? हातातल्या लाकडी स्टिरिओस्कोपमध्ये (दोन डोळ्यांना दोन वेगळे फोटो दाखवणारं साधन), घरच्या टीव्हीवर, हॉलमधल्या पडद्यावर, की लाल-निळ्या चष्म्याने कागदावर? हे ठरल्याशिवाय किती सेंटिमीटर ते सांगता येत नाही.

जुन्या लोकांना हा प्रश्न फारसा पडत नसे. इंग्रज शास्त्रज्ञ व्हीटस्टनने १८३८ साली आरशांचा स्टिरिओस्कोप मांडला, अमेरिकन डॉक्टर-लेखक होम्सने १८६१ मध्ये हातात धरायचा स्वस्त आणि सुटसुटीत व्ह्यूअर काढला, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं साडेतीन बाय सात इंचांचं कार्ड हेच फोटोचं घर होतं. १९४७ च्या स्टिरिओ रिअलिस्ट कॅमेऱ्यातही लेन्स ३५ मिमी, दोन लेन्समधलं अंतर ७० मिमी, आणि स्लाइड बघायचा व्ह्यूअर त्याच कंपनीचा. काढणं आणि बघणं एकमेकांना बांधलेलं. सगळीकडे सांगितला जातो तो 'एक तीसांश'चा नियम (सर्वांत जवळची वस्तू जितकी दूर, त्याच्या तिसाव्या भागाइतका बेस, म्हणजे दोन फोटोंमधलं कॅमेऱ्याचं सरकणं) अशा सरंजामात नीट बसतो. ७० मिमी गुणिले ३० म्हणजे २.१ मीटर; त्याच्या अलीकडे काही येऊ द्यायचं नाही, झालं काम.

आता तीच जोडी सकाळी मोबाइलवर, दुपारी टीव्हीवर आणि संध्याकाळी प्रोजेक्टरवर जाते. तिथे हा नियम गळपटतो.

माझं सध्याचं काम असं. आमच्या भागातल्या जुन्या वाड्यांच्या स्टिरिओ फोटोंचं छोटं प्रदर्शन करायचंय. हॉलमध्ये ३ मीटर रुंदीचा पडदा आहे. शिवाय टेबलावर चार व्ह्यूअर आणि कार्डं ठेवायची आहेत. वाड्याच्या चौकात तुळशीवृंदावन माझ्यापासून २ मीटरवर, आणि उघड्या दिंडी दरवाजातून पलीकडे दूरची झाडं दिसतात. फुल फ्रेम कॅमेरा (सेन्सर ३६ मिमी रुंद), ३५ मिमी फोकल लेंग्थची लेन्स.

पडद्यावर दूरच्या झाडाच्या दोन प्रतिमांत जास्तीत जास्त अंतर किती चालेल? दोन डोळ्यांत असतं तेवढं, म्हणजे साधारण ६५ मिमी. त्याहून वाढलं की डोळे बाहेरच्या बाजूला फाकवावे लागतात, आणि तसे फाकवायची सवय कोणालाच नसते. ३ मीटरमध्ये ६५ मिमी म्हणजे रुंदीच्या सव्वादोन टक्क्यांहून किंचित कमी, सेन्सरवर ०.७८ मिमी. आता साधं सूत्र:

बेस = सेन्सरवर चालणारं सरकणं × जवळच्या वस्तूचं अंतर ÷ लेन्सची फोकल लेंग्थ

०.७८ × २००० ÷ ३५ = सुमारे ४.५ सेंटिमीटर. वृंदावनाच्या दोन प्रतिमा पडद्यावर एकमेकांवर आणायच्या, म्हणजे ते पडद्याच्या पातळीवर दिसतं, बाकी सगळं मागे.

हीच जोडी ५५ इंची टीव्हीसाठी काढायची असेल तर ६५ मिमीची मर्यादा आडवी येत नाही, कारण त्याआधीच नजर थकते. दोन प्रतिमांमधलं अंतर डोळ्याशी साधारण एक अंशाच्या आत राहावं. अडीच मीटरवरून बघताना एक अंश म्हणजे ४४ मिमी. हिशोब केला तर बेस ७.४ सेंटिमीटर येतो. आणि १० मीटर रुंदीच्या मोठ्या पडद्यावर? ६५ मिमी हे तिथे रुंदीच्या जेमतेम पाऊण टक्क्याच्या आत. बेस येतो १.३ सेंटिमीटर! तोच चौक, तेच वृंदावन, तोच कॅमेरा.

---

शंकासुर

एवढा खटाटोप कशाला? देवाने डोळे ६५ मिमीवर दिलेत, कॅमेराही ६५ मिमी सरकवा. निसर्गात दिसतं तसंच दिसेल. बाकी सगळी गणितं म्हणजे उगाच विद्वत्ता.

---

पाणवठा

शंकासुर, एका अटीवर तुमचं खरं आहे. फोटो जितक्या रुंद कोनात घेतला तेवढ्याच रुंद कोनात तो डोळ्यांसमोर यायला हवा. ३५ मिमी लेन्सने घेतलेला फोटो ३ मीटरच्या पडद्यावर तसा दिसायला प्रेक्षकाने २.९ मीटरवर बसायला हवं. म्हणजे पहिल्या रांगेच्याही पुढे, सतरंजीवर. सहा मीटरवर बसलेल्याला खोली दुप्पट ताणलेली दिसते, नऊ मीटरवर तिप्पट. एकाच फोटोत एकाच वेळी सतरंजीवरच्यांना वाडा बरोबर आणि मागच्यांना बोगद्यासारखा लांब.

---

प्रोजेक्टरवाला_नाना

ताईंनी मुद्द्यालाच हात घातला. मी बरीच वर्षं हौसेने स्टिरिओ शो लावतो, म्हणून थोडी भर.

मी मधली रांग धरून लेन्स निवडतो. पडदा ३ मीटर, मधली रांग ६ मीटर, म्हणजे फुल फ्रेमवर ७० मिमीच्या आसपास. मागे सरकायचं आणि लांब लेन्स लावायची. माणसांचे चेहरे असतील तर हे फार जाणवतं. वाइड लेन्सने जवळून घेतलेला चेहरा मागच्या रांगेतून पाहिला की नाक चोचीसारखं पुढे येतं. वास्तूचं तेवढं नाही, पाच-पन्नास टक्के ताण वाड्याला कोणी विचारत नाही.

दुसरं, लहान मुलं येणार असतील तर ६५ मिमी धरू नका. त्यांच्या डोळ्यांतलं अंतर कमी असतं. मी ५५ धरतो. ताईंच्या आकड्यांत बेस ३.८ सेंटिमीटरपर्यंत उतरेल. खोली थोडी कमी दिसेल, पण पोरं चष्मा काढून पळणार नाहीत.

तिसरं, मोठ्या पडद्याचा १.३ सेंटिमीटर हा आकडा सगळं पडद्याच्या मागे ठेवलं तर. मोठ्या सभागृहात जवळची वस्तू पडद्याच्या अलीकडे आणायला भरपूर वाव असतो. दहा मीटरवरच्या प्रेक्षकाला एक अंश म्हणजे १७ सेंटिमीटर! तेव्हा मागे ६५ मिमी आणि उरलेलं पुढे असं वाटून घ्यायचं. मात्र पुढे आलेली वस्तू फ्रेमच्या डाव्या-उजव्या कडेने कापली जाता कामा नये. खांब पडद्याच्या पुढे तरंगतोय आणि पडद्याची कड मात्र त्याला कापतेय, असं दिसलं की डोक्याचा भुगा होतो. खालची कड त्यातल्या त्यात सोसते.

---

गोदाकाठ

वाचतेय. वाखुसा (वाचनखूण साठवली).

एक बावळट प्रश्न. पडदा साधा पांढरा चालतो का? आमच्या वाचनालयात तो गुंडाळायचा पांढरा पडदा आहे.

---

प्रोजेक्टरवाला_नाना

पोलराइज्ड चष्मे वापरायचे तर नाही चालत. पांढऱ्या कापडावर आपटून प्रकाशाचं ध्रुवण (लहरींची ठरावीक दिशा) विस्कटतं आणि दोन्ही डोळ्यांना दोन्ही चित्रं दिसू लागतात. चंदेरी पडदा लागतो. तोही लहरी, मधे झळझळीत आणि कडेला बसलेल्यांना मंद. खुर्च्या लांब पसरून मांडण्यापेक्षा अरुंद आणि खोल मांडणी करा.

तुमच्याकडे १२० हर्ट्झवाला थ्रीडी रेडी डीएलपी प्रोजेक्टर (डाव्या-उजव्या डोळ्याची चित्रं झपाट्याने आळीपाळीने दाखवणारा) असेल तर मात्र त्याच पांढऱ्या पडद्यावर किंवा चुना दिलेल्या भिंतीवर काम होतं. चष्मे बॅटरीचे, महाग, आणि कार्यक्रमाआधी चार्ज करावे लागतात (हे कोणीतरी एकाने अंगावर घ्यावं, नाहीतर ऐनवेळी निम्मे बंद).

दोन्हीकडे उजेड निम्म्याहून खाली येतो. म्हणून फोटो काढतानाच सावल्या उचलून ठेवा. माजघरातला काळोख मॉनिटरवर रम्य वाटतो, चष्म्यातून नुसता डांबर. आणि काळ्या पार्श्वभूमीवर समईची ज्योत असेल, तर ती पडद्याच्या पातळीच्या आसपास ठेवा. लांब मागे किंवा पुढे गेली की शेजारी तिचं भूत (दुसऱ्या डोळ्याची पुसट प्रतिमा) दिसणारच.

---

कातळखुणा

आमचा धंदा वेगळा, पण बघणं तेच. निवृत्त भूशास्त्रज्ञ; हयात हवाई छायाचित्रं पाहण्यात गेली.

नकाशासाठीच्या विमानातून घेतलेल्या फोटोंत एकाचा ६० टक्के भाग पुढच्यात येतो. २३ सेंटिमीटरची फिल्म आणि १५२ मिमीची लेन्स असेल तर विमानाने कापलेलं अंतर आणि उंची यांचं गुणोत्तर ०.६ च्या आसपास पडतं. स्टिरिओस्कोपखाली बघताना आपल्या डोळ्यांचं तेच गुणोत्तर सुमारे ०.१५ धरतात. चौपट फरक! म्हणून सह्याद्री त्यात सुळ्यांसारखा दिसतो. १५ अंशांचा साधा उतार ४७ अंशांचा वाटतो. नवीन पोरं डोळ्यांना दिसला तसा उतार वहीत लिहून आणायची, मग त्यांना भागाकार शिकवावा लागे.

पण ही अतिशयोक्ती आम्हाला हवीच असते. बेसाल्टच्या थरांच्या ज्या पायऱ्या जमिनीवर उभं राहून नजरेत येत नाहीत, त्या तिथे एकेक मोजून घेता येतात. तेव्हा शंकासुरांच्या 'निसर्गात दिसतं तसंच' या हट्टाला माझा नम्र विरोध. कधी कधी निसर्गात दिसत नाही तेच बघायचं असतं.

---

शंकासुर

काका, तुम्ही म्हणता म्हणून ऐकतो. :)

पण मग किल्ल्यांचं काय? परवा एका कड्याचे दोन फोटो ६५ मिमी सरकवून काढले, पाठ्यपुस्तकातल्या चित्रासारखे सपाट आले.

---

पाणवठा

येणारच. कडा ३ किलोमीटरवर असेल आणि जवळ काहीच नसेल, तर एक तीसांशने १०० मीटर बेस येतो. पठाराच्या कडेने चालत जा, त्याच सुळक्यावर नेम धरून दुसरा फोटो घ्या. दोन अडचणी. एक, चालायला लागणाऱ्या वेळात ढगांच्या सावल्या सरकतात आणि दोन डोळ्यांना दोन वेगळ्या जागी दिसतात. त्यामुळे निरभ्र दिवस किंवा पूर्ण मळभ बरं. दोन, समोरचं गवत किंवा कारवीची एक फांदी जरी फ्रेममध्ये आली तरी सगळं बोंबललं.

आणि कडा खेळण्यातल्या किल्ल्यासारखा इवलासा दिसतो. दिवाळीत पोरं मातीचा करतात तसा. मला ते आवडतं, काहींना फसवणूक वाटते. टीव्हीवर हे फोटो खुलतात. हॉलसाठी मी बेस निम्मा करते.

---

एकशिंगी

पाणवठा, तुमच्या प्रोफाइलमधला बारवेचा फोटो पाहिला. डोळे तिरळे करून, फोन नाकाशी धरून, सगळे उपाय केले. जमलं एकदाचं! पण बारव खाली जायच्या ऐवजी देवळाच्या शिखरासारखी वर आलीय. पायऱ्या बाहेरून चढतायत. असंच आहे का?

---

पाणवठा

हाहा, नाही. ती क्रॉस जोडी आहे, तिरळ्या नजरेने बघायची, म्हणजे उजव्या डोळ्याचा फोटो डावीकडे. तुम्ही समांतर नजरेने (दूर बघतो तसे डोळे सरळ ठेवून) पाहिलीत म्हणून आत-बाहेर उलटं झालं.

हाही बघण्याच्या जागेचाच प्रश्न. समांतर नजरेला प्रत्येक फोटो साधारण ६५ मिमीपेक्षा रुंद चालत नाही, म्हणून फोनवर समांतर जोडी सोयीची. मॉनिटरवर फोटो मोठे होतात, तिथे क्रॉस. मी मॉनिटर डोळ्यांसमोर ठेवून टाकली होती. फोनवाल्यांसाठी समांतरही टाकते.

---

कातळखुणा

एकशिंगी, घाबरू नका. आमच्याकडे फोटो डावे-उजवे उलटे ठेवले की नद्या डोंगरमाथ्यावरून वाहायच्या.

---

सांजवेळ

मला प्रदर्शन वगैरे करायचं नाही. घरातल्या जुन्या वस्तूंची कार्डं करून आईला द्यायची आहेत. व्ह्यूअर ऑनलाइन मागवलाय, होम्सच्या धाटणीचा. फोन कॅमेराच आहे. काय काळजी घेऊ?

---

पाणवठा

कार्डं हा माझा सगळ्यात आवडता प्रकार, जरा सविस्तर लिहिते.

लॅबमधून ६ बाय ४ इंचांची प्रिंट काढा. तिच्यावर ७५ मिमीचे दोन चौकोन शेजारी शेजारी बसतात. कडक पुठ्ठ्यावर चिकटवली की कार्ड तयार. कागद मॅट मागा. चकचकीत कागदावरची खिडकीची तिरीप दोन्ही डोळ्यांना वेगवेगळ्या जागी दिसते आणि चित्रावर एक नाचरा डाग पडतो. रेशमी पोताचा कागदही नको. व्ह्यूअरच्या भिंगातून तो पोत स्पष्ट दिसतो आणि समईच्या पुढे जाळीचा पडदा लावल्यासारखं होतं. खिडकीकडे पाठ करून बघायचं, म्हणजे कार्डावर उजेड पडतो.

आता फोन. या व्ह्यूअरच्या भिंगांची फोकल लेंग्थ साधारण २०० मिमी. ७५ मिमीचं चित्र त्यातून फारच निमुळत्या कोनात दिसतं. फुल फ्रेमच्या भाषेत, चौकोनी कातरलेल्या फोटोला ६४ मिमीची लेन्स शोभेल. फोनचा मुख्य कॅमेरा बहुधा २६ मिमीच्या आसपास असतो. म्हणजे खोली अडीच पट ताणली जाणार, आणि गोल तांब्या अंडाकृती दिसणार. उपाय सोपा: फोनमधली २x किंवा ३x लेन्स वापरा आणि मागे व्हा. बेसही कमी ठेवा. तांब्या एका मीटरवर असेल तर तीनेक सेंटिमीटर पुरे, आणि त्याच्या मागे अर्ध्या मीटरवर भिंत किंवा चादर येऊ द्या.

मागे भिंत असण्याचा फायदा पुष्कळांना माहीत नसतो. वर दिलेलं सूत्र मागे अनंतापर्यंत मोकळं असेल तेव्हाचं. लेण्यात पुढचा खांब ३ मीटरवर आणि मागची भिंत ६ मीटरवर असेल, तर बेस दुप्पट चालतो. पण त्या भिंतीत जाळी असेल आणि जाळीतून आभाळ दिसत असेल, तर सवलत रद्द! अंधारात तो एवढासा उजळ तुकडाच नजर खेचतो आणि तोच जुळत नाही.

---

बे_एरिया_बंड्या

इकडे सगळे व्हीआर हेडसेटवर (डोळ्यांवर बांधायच्या पडद्यावर) बघतात, त्यांच्या वतीने दोन ओळी. हेडसेटमध्ये शंकासुर जिंकतात. चित्र भोवताली पसरतं, कोन खरा असतो, त्यामुळे बेसही डोळ्यांएवढाच लागतो. कॅननची ५.२ मिमीची जोड-फिशआय लेन्स आहे, १९० अंशांची, तिच्यात दोन लेन्समधलं अंतर ६० मिमी. बेस वाढवलात तर माणसं बाहुल्यांएवढी दिसतात, आणि हेडसेटमध्ये ते फारच विचित्र वाटतं कारण तुम्ही त्यांच्यात उभे असता.

कॅमेरा मात्र माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर आणि काटेकोर सपाट. किंचित कललेला असला तरी पोटात ढवळतं. एक मीटरच्या आत काही नको.

फोनवरच्या 'स्पेशिअल फोटो'चं (फोनच्याच दोन लेन्सनी एकदम टिपलेल्या स्टिरिओ जोडीचं) वेगळं. तिथे लेन्समधलं अंतर जेमतेम दोन सेंटिमीटर. टेबलावरचा केक, मांडीवरचं बाळ उत्तम येतं. दहा फुटांवरचा ग्रुप फोटो पुठ्ठ्याच्या कटआउटसारखा.

---

शंकासुर

जिंकलो!! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

---

गोदाकाठ

आणि लाल-निळे चष्मे? सगळ्यात स्वस्त तेच आहेत. आमच्या वाचनालयाच्या स्मरणिकेत गावच्या मारुतीचा फोटो तसा छापायचा विचार आहे. कागदी चष्मे पानाला जोडून देऊ.

---

पाणवठा

कल्पना छान, पण मारुती शेंदरी आहे ना? तिथेच अडतं. लाल काचेतून शेंदूर पांढराफटक दिसतो, निळसर काचेतून काळा ठिक्कर. एकच मूर्ती एका डोळ्याला पांढरी आणि दुसऱ्याला काळी, मग ती लुकलुकायला लागते. कुंकू, गुलाल, लाल पातळ, सगळ्यांचं हेच. जोडी आधी कृष्णधवल करून मग लाल-निळी करा. रंग गेल्याचं वाईट वाटेल, पण आकार ठसठशीत दिसेल.

शिवाय छपाईची शाई चष्म्याच्या काचेशी कधीच पुरती जुळत नाही, थोडं भूत राहतं. त्यामुळे बेस कमी ठेवा. मूर्तीचा चेहरा कागदाच्या पातळीवर बसवा, म्हणजे तिथे दोन रंग एकमेकांवर येतात आणि चष्मा न लावताही फोटो बरा दिसतो. हे सरकवण्याचं काम स्टिरिओ फोटो मेकर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये होतं. काढतानाच दोन्ही बाजूंना थोडी जादा जागा सोडा, सरकवताना कडा कापल्या जातात.

छापखान्याला पूर्ण अंक देण्याआधी त्याच कागदावर एक पान छापून मागा, आणि ते ट्यूबलाइटखाली बघा. लोक तिथेच बघणार आहेत.

---

सांजवेळ

खूप आभार. एक शेवटचं: ताटातले मोदक टेबलावरून वर आलेले दिसतात असे फोटो पाहिलेत. ते कार्डात जमेल?

---

पाणवठा

कार्डात नाही. त्याला फॅंटोग्राम म्हणतात, आणि तो टेबलावर आडवा ठेवून तिरका बघायचा असतो. बघण्याची जागा त्यात सर्वांत ताठर. ताटाखाली आयताकृती कागद ठेवायचा, जेवायला बसल्यावर डोळे असतात तिथून, ४५ अंशांतून, ६५ मिमी बेसने दोन फोटो. मग सॉफ्टवेअरमध्ये तो तिरका दिसणारा कागद ओढून पुन्हा काटकोनी आयत करायचा, दोन्ही फोटो त्यावर जुळवायचे, आणि लाल-निळं करून खऱ्या आकारात छापायचं. बघणाऱ्याने त्याच जागी बसायला हवं. उभं राहून पाहिलं की मोदक मागे झुकतात.

ताटाच्या कडा कागदाच्या आत राहू द्या. आणि केळीचं पान घेऊ नका, स्टीलचं ताट तर अजिबात नको. पान हिरवं म्हणून लुकलुकतं आणि स्टीलमधली चमक प्रत्येक डोळ्याला वेगळी दिसते. पांढऱ्या चिनी मातीच्या बशीत पाच मोदक, खिडकीचा मऊ उजेड, एफ/११ किंवा एफ/१६ (लेन्सचं छिद्र लहान, म्हणजे पुढचं-मागचं सगळं स्पष्ट). फोनवर काढलात तर एफचा प्रश्नच नाही, फक्त फोन सरकवताना कडेला पट्टी लावा म्हणजे वर-खाली होणार नाही.